गिटार पेडल बनवताना लागणारे इलेक्ट्रॉनिक भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिलं पेडल (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालू-बंद करायची डबी) बनवायला घेतलेल्या गिटारवाल्यांना पडणारे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. वरून खाली वाचलंत तर बरं, कारण सुरुवातीला सांगितलेलं एक लहान सर्किट पुढच्या बऱ्याच उत्तरांत पुन्हा पुन्हा येतं.

इलेक्ट्रॉनिक्स कधी शिकलो नाही. जमेल का?

जमेल. ओहमचा नियम आणि साधा भागाकार येत असेल तर पहिली दोन-तीन पेडलं आरामात निघतात. बरेच जण आधी रेझिस्टर, मग कपॅसिटर, मग डायोड असा धडा गिरवत बसतात आणि सोल्डरिंगची इस्त्री हातात घ्यायच्या आधीच कंटाळतात. माझं मत सरळ आहे: एक लहान सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी) वाजतं करा, मग त्यातला एकेक भाग उपटून त्या जागी दुसरा लावा आणि ऐका. कुठला भाग काय करतो हे कानाला एकदा कळलं की सूत्रं आपोआप डोक्यात बसतात.

मग पहिलं सर्किट कुठलं घ्यावं?

एका ट्रान्झिस्टरचा बूस्टर, म्हणजे गिटारचा सिग्नल मोठा करणारं सर्किट. न्यूयॉर्कची इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली, आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या मालातली एलपीबी-१ ही डबी म्हणजे हाच बूस्टर. भाग मोजून आठ: एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कपॅसिटर, एक पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर).

जोडणी अशी. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे बेस, एमिटर आणि कलेक्टर, ग्राउंड म्हणजे इथे बॅटरीचं निगेटिव्ह टोक, आणि के म्हणजे हजार ओहम. गिटारकडून येणारी तार ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून ट्रान्झिस्टरच्या बेसला. बेसपासून ९ व्होल्टकडे ४७० के, बेसपासून ग्राउंडकडे ४७ के. एमिटरपासून ग्राउंडकडे ३९० ओहम. कलेक्टरपासून ९ व्होल्टकडे १० के. कलेक्टरवरूनच दुसरा ०.१ मायक्रोफॅरड निघतो आणि १०० के पॉटच्या एका टोकाला जातो. पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय अ‍ॅम्पकडे. मूळ नकाशात (सर्किटच्या आकृतीत) ४७० आणि ४७ च्या जागी ४३० आणि ४३ के दिसतील. ते आकडे दुकानात चटकन मिळत नाहीत. दोघांचं गुणोत्तर तेवढंच राहिलं म्हणजे काम झालं.

९ व्होल्टची बॅटरी लावा आणि मल्टिमीटरची काळी सळी ग्राउंडला धरा. बेसवर साधारण ०.८ व्होल्ट, एमिटरवर ०.२ च्या आसपास आणि कलेक्टरवर साडेतीन ते पाच व्होल्ट दिसले तर सर्किट जिवंत आहे. कलेक्टर बॅटरीच्या निम्म्याजवळ हवा, कारण गिटारची लाट तिथून वर आणि खाली दोन्हीकडे सारखी हलायला जागा लागते.

रेझिस्टरच्या रंगांचं गणित पाठ करावंच लागतं का?

नाही. मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मोजा. रंग बघून वाचता आले तर वेळ वाचतो इतकंच. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. चार पट्ट्यांचा तपकिरी-काळा-नारिंगी-सोनेरी म्हणजे १० के, पाच टक्के. पाच पट्ट्यांच्या निळसर मेटल फिल्ममध्ये तोच १० के तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी असा येतो, आणि ट्यूबलाइटखाली त्यातला लाल नि तपकिरी ओळखणं म्हणजे डोळ्यांची परीक्षा. म्हणूनच मीटर.

पाव वॉटचे मेटल फिल्म घ्या, त्याहून मोठे नकोत. ३९० नसेल तर ३३० किंवा ४७० लावा, काही बिघडत नाही. नकाशात लिहिलेला आकडा म्हणजे बनवणाऱ्याने केलेली निवड, ती दगडावरची रेघ नव्हे.

रेझिस्टर बदलल्याने आवाज बदलतो का? मला वाटलं, तो फक्त करंट अडवतो.

करंट अडवतो, पण कुठे अडवतो त्यावर सगळं ठरतं. आपल्या बूस्टरमध्ये आवाज किती पट वाढेल हे ढोबळमानाने कलेक्टरचा रेझिस्टर भागिले एमिटरचा रेझिस्टर, म्हणजे १०,००० भागिले ३९०, साधारण २५. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आतला अडथळा आणि पुढच्या पॉटचा भार धरला की प्रत्यक्षात ती वाढ वीसच्या आसपास येते. आता ३९० काढून १ के लावा. वाढ निम्म्याहून खाली येते, आवाज स्वच्छ होतो, आणि मीटर धरलात तर कलेक्टर सात व्होल्टकडे सरकलेला दिसतो. एका रेझिस्टरने दोन गोष्टी हलवल्या. हे डोळ्यांनी आणि कानांनी एकदा घडताना पाहिलं की बायसिंग (ट्रान्झिस्टरची ही बसती व्होल्टेज ठरवणं) म्हणजे काय याचं वेगळं व्याख्यान लागत नाही.

कपॅसिटरवर १०४ लिहिलंय. हे काय?

पहिले दोन अंक जसेच्या तसे, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे १,००,००० असं न घाबरता वाचा: दहावर चार शून्यं, १ लाख पिकोफॅरड, म्हणजेच १०० नॅनोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. तसंच ४७३ म्हणजे ४७ नॅनो, २२३ म्हणजे २२ नॅनो, १०२ म्हणजे १ नॅनो. शेवटी J हे इंग्रजी अक्षर असेल तर ते पाच टक्के फरक सांगतं, K असेल तर दहा टक्के.

आवाजाच्या वाटेवर फिल्मचे चौकोनी डबीसारखे कपॅसिटर वापरा. पिकोफॅरडमधल्या किमतींना सिरॅमिक चालतो. एक मायक्रोफॅरडच्या वर गेलात की इलेक्ट्रोलिटिक, आणि त्याला दिशा असते: लांब पाय पॉझिटिव्ह, अंगावरचा पट्टा निगेटिव्हच्या बाजूला. उलटा लावला तर तो गरम होतो, फुगतो आणि फुटूही शकतो. २५ व्होल्टचे घ्या. दुकानात जुने काउंटरवाले यांना कंडेन्सर म्हणतात, तसं मागितलंत तरी चालेल.

इनपुटचा कपॅसिटर लहान-मोठा केल्याने नेमकं काय होतं?

पेडल बनवण्यातली सगळ्यात मजेची जागा हीच. कपॅसिटर आणि त्याच्या पुढचा अडथळा मिळून एक चाळणी बनते. त्या चाळणीची सीमा म्हणजे १ भागिले (२ × π × आर × सी), आर म्हणजे अडथळा ओहममध्ये, सी म्हणजे कपॅसिटर फॅरडमध्ये. सीमेच्या खालचे सूर हळूहळू दबतात. आपल्या बूस्टरचा इनपुट अडथळा साधारण ३० के आहे. ०.१ मायक्रोफॅरडला सीमा येते ५३ हर्ट्झच्या आसपास. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची, म्हणजे सगळा बास आत येतो.

तो काढून १० नॅनो लावा. सीमा ५३० वर गेली. जाड तारा पातळ वाटायला लागतात आणि सोलो पुढे येतो. आता ४.७ नॅनो लावा: सीमा हजाराच्या पुढे, आणि हातात आला ट्रेबल बूस्टर. साठच्या दशकातल्या इंग्लंडमधल्या डॅलस रेंजमास्टरची युक्ती हीच होती, एक जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि इनपुटला ५ नॅनोचा कपॅसिटर. आधीच फाटायच्या बेतात असलेल्या अ‍ॅम्पला तो ढकलायचा, आणि बास आधीच कापलेला असल्यामुळे चिखल व्हायचा नाही. म्हणून एकाच जागी लावायला चार-पाच किमतींचे कपॅसिटर ओळीने टेबलावर ठेवा आणि एकच रिफ वाजवत बदलत जा.

बूस्टर मधे आला की गिटारचा वरचा चमचमीतपणा कमी होतो. का?

त्याच ३० के मुळे. गिटारच्या पिकअपला पुढे मोठा अडथळा हवा असतो, तरच त्याचा ट्रेबल शाबूत राहतो. गिटारमधलेच पॉट २५० के किंवा ५०० के असतात. त्यामुळे बहुतेक नव्या पेडलांचा इनपुट ५०० के ते १ मेग (दहा लाख ओहम) इतका ठेवतात, आणि त्यासाठी जेफेट (वेगळ्या जातीचा ट्रान्झिस्टर) किंवा ऑपॅम्प (सिग्नल वाढवणारी तयार चिप) वापरतात. जे२०१ हा पेडलवाल्यांचा लाडका जेफेट पायांच्या रूपात आता मुश्किलीने मिळतो, त्यामुळे नवशिक्याने त्याच्या मागे न लागता सरळ ऑपॅम्प घ्यावा.

डायोडने आवाज फाटतो म्हणतात. तो एका दिशेनेच करंट सोडतो ना?

हो, आणि सोडायला लागण्याआधी त्याला ठरावीक व्होल्टेज लागतं. १एन४१४८ या नेहमीच्या सिलिकॉन डायोडला साधारण ०.६ व्होल्ट. बूस्टरच्या व्हॉल्यूम पॉटच्या ज्या टोकाला सिग्नल येतो तिथून ग्राउंडकडे दोन १एन४१४८ लावा, एक सुलटा, एक उलटा. गिटारच्या शंभर-दोनशे मिलिव्होल्टचे बूस्टरने दोन-चार व्होल्ट केलेले आहेत. पण लाट ०.६ च्या वर गेली की एक डायोड तिला ग्राउंडकडे वळवतो, उणे ०.६ च्या खाली गेली की दुसरा. लाटेचे दोन्ही शेंडे छाटले गेले, आणि कानाला तेच डिस्टॉर्शन म्हणून ऐकू येतं. दोन डायोडांनी बूस्टरचा डिस्टॉर्शन पेडल झाला.

मग जोड्या बदला. जर्मेनियमचे १एन३४ए साधारण ०.३ व्होल्टलाच उघडतात: आवाज लवकर फाटतो, कडा मऊ, पण एकूण पातळी खाली. लाल एलईडी १.७ च्या सुमाराला उघडतात: मोठा आवाज, उघडा, वाजवण्याच्या जोराला जास्त दाद देणारा, आणि जोरात वाजवलंत तर लुकलुकतातही. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड लावले तर वरचा शेंडा वेगळ्या उंचीवर छाटला जातो, त्याचा पोत निराळा. एमएक्सआरच्या डिस्टॉर्शन प्लसमध्ये जर्मेनियम डायोड होते, प्रोको रॅटमध्ये सिलिकॉन, दोन्हीकडे असेच ग्राउंडकडे जाणारे.

आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये डायोड ऑपॅम्पच्या फीडबॅकच्या वाटेत (आउटपुटकडून परत इनपुटकडे येणाऱ्या) बसवलेत. तिथे छाटलेल्या लाटेबरोबर मूळ स्वच्छ लाटही बाहेर पडते, म्हणून कडा गुळगुळीत. शिवाय ४.७ के आणि ४७ नॅनोची जोडी ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना कमी वाढवते. त्या प्रसिद्ध मधल्या सुरांच्या उठावाचं मोठं कारण हे. आता वर दिलेल्या सूत्रात ४,७०० आणि ४७ नॅनो टाकून पाहा.

डायोडवरचा काळा किंवा पांढरा पट्टा कॅथोडची (निगेटिव्ह) बाजू दाखवतो. काचेचे जर्मेनियम डायोड पाय वाकवताना तडकतात. पाय चिमट्याने धरून वाकवा.

बीसी५४७ चालेल का? नकाशात २एन३९०४ किंवा २एन५०८८ दिलाय.

चालेल, आणि आपल्याकडे कुठल्याही दुकानात तोच आधी मिळेल. कमी खरखरीचा हवा असेल तर बीसी५४९ घ्या. एकच गोष्ट सांभाळायची: पाय उलटे आहेत. सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ आणि २एन५०८८ मध्ये डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर. बीसी५४७ मध्ये कलेक्टर, बेस, एमिटर. गंमत अशी की उलटा लावला तरी कधीकधी क्षीण आवाज येतो, आणि माणूस तासभर दुसरीकडेच चूक शोधत बसतो. वर दिलेले तीन व्होल्टेज मोजलेत तर मिनिटात कळतं.

जर्मेनियम फझ खरंच इतका भारी असतो का?

फझ म्हणजे आवाज अगदी खरबरीत फाडणारं पेडल. जर्मेनियमचा आवाज भारी असतो, स्वभाव त्रासदायक. लंडनच्या आर्बिटरने १९६६ मध्ये आणलेला गोल फझ फेस हा दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला की तो सुंदर साफ होतो, कारण त्याचा इनपुट गिटारच्या पॉटवरच ओझं टाकतो. त्याच्या आधी बफर (गिटारला पुढच्या ओझ्यापासून तोडणारा भाग) असलेलं पेडल लावलंत तर ही जादू जाते. म्हणून फझ साखळीत पहिला.

पण जर्मेनियममधून करंट गळतो, आणि उष्णता वाढली की गळती झपाट्याने वाढते. मे महिन्यात नागपुरात किंवा सोलापुरात उघड्या मंडपात वाजवायचं असेल तर सकाळी घरी नीट बसवलेला बायस दुपारी सरकलेला असतो. शिवाय पीएनपी (उलट्या ध्रुवांचे) ट्रान्झिस्टर असल्याने जुन्या पद्धतीच्या जोडणीत ग्राउंड पॉझिटिव्ह येतो, त्यामुळे बाकीच्या पेडलांबरोबर एकाच अ‍ॅडॉप्टरवर लावता येत नाही. पहिला फझ सिलिकॉनचा करा. जर्मेनियमचा नाद लागलाच तर जुन्या बाजारातले मोडके ट्रान्झिस्टर रेडिओ बघा, एसी१२८ त्यांतून निघतो. मात्र लावण्याआधी गळती मोजायला शिका.

ऑपॅम्प कुठला घ्यावा? ४५५८ बद्दल फार ऐकलंय.

टीएल०७२ आणि जेआरसी४५५८ दोन्ही आणा. दोघांचे आठ पाय सारखेच: ८ ला पॉझिटिव्ह, ४ ला ग्राउंड. आयसी बेस (चिप बसवायची खोबण) सोल्डर करा आणि त्यात आलटून पालटून बसवून ऐका. ट्यूब स्क्रीमरमध्ये फरक ऐकू येतो का, हे डोळे बांधून मित्राला बदलायला सांगून ठरवा. माझ्या मते त्यावर जितकी भांडणं होतात त्या मानाने फरक फारच थोडा.

ऑपॅम्पला मुळात दुहेरी पुरवठा लागतो आणि आपल्याकडे एकच ९ व्होल्ट. म्हणून दोन १० के रेझिस्टर आणि एक ४७ मायक्रोफॅरड वापरून ४.५ व्होल्टचा खोटा मध्य बनवतात. नकाशात व्हीआर किंवा व्हीबी लिहिलेलं दिसलं तर ते हेच. ही जागा चुकली की ऑपॅम्प घुसमटल्यासारखा वाजतो.

पॉटवरचं ए आणि बी?

ए म्हणजे लॉग, बी म्हणजे लिनिअर. व्हॉल्यूमला ए घ्या, कारण कानाला वाढ तशीच सारखी वाटते. दांडी तुमच्याकडे, पाय खाली: डावीकडून १, २, ३. सिग्नल ३ ला, ग्राउंड १ ला, बाहेर २ वरून.

अ‍ॅडॉप्टर घरातला कुठलाही चालेल ना?

नाही, आणि इथे घाई नको. पेडलांची रीत ९ व्होल्ट डीसी, २.१ मिमी पिन, आणि मधला भाग निगेटिव्ह. घरात पडलेले राउटरचे किंवा सीसीटीव्हीचे अ‍ॅडॉप्टर बहुधा १२ व्होल्टचे आणि मधला पॉझिटिव्ह. पिन मात्र तशीच बसते. ते लावलं की सर्किटला उलटा पुरवठा जातो आणि ऑपॅम्प क्षणात जातो. म्हणून पॉवरच्या वाटेत एक १एन५८१७ डायोड लावाच. त्यावर दोन-तीन दशांश व्होल्ट पडतात, पेडल वाचतं. सोबत पुरवठ्यावर १०० मायक्रोफॅरड आणि १०४ असे दोन कपॅसिटर ग्राउंडकडे ठेवले तर अ‍ॅडॉप्टरची घूंघूं बरीच कमी होते.

फूटस्विचला नऊ पाय कशाला?

३पीडीटी म्हणजे एकत्र हलणारे तीन स्विच. एक इनपुट, एक आउटपुट, तिसरा एलईडी. एलईडीला ४.७ के रेझिस्टर लावा, झगझगीत प्रकारचा असेल तर १० के. पायांना जास्त वेळ इस्त्री लावू नका, आतलं प्लॅस्टिक वितळतं.

सामान कुठून घ्यावं?

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतला पासोड्या विठोबाचा परिसर आणि तपकीर गल्ली. रेझिस्टर, फिल्म कपॅसिटर, बीसी५४७, टीएल०७२, झिरो पीसीबी (भाग सोल्डर करायची भोकांची पाटी), आयसी बेस हे सगळं तिथे सहज मिळतं. ३पीडीटी, चांगले पॉट, अ‍ॅल्युमिनियमची ओतीव डबी आणि जर्मेनियम यांसाठी पेडलचं सामान विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांकडे जावं लागतं. दुर्मिळ आयसी संशयास्पद स्वस्त मिळत असेल तर तो नकली असण्याची शक्यता धरा. छापलेलं नाव पुसून दुसरं छापणं सोपं असतं.

सगळं नकाशाप्रमाणे जोडलं, पण आवाजच येत नाही.

आधी डोळे, मग मीटर, मग कान. सोल्डरचे सांधे भिंगाखाली बघा: चकचकीत आणि पसरट असेल तर ठीक, गोळी होऊन बसलेला दिसला तर ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. झिरो पीसीबीवर शेजारच्या दोन टिकल्या चिकटल्यात का ते मीटरच्या कंटिन्युटीवर (जोड असेल तर वाजणारी सेटिंग) तपासा. मग ९ व्होल्ट जिथे जिथे पोचायला हवेत तिथे पोचलेत का ते मोजा.

तरीही मुकं असेल तर प्रोब बनवा. गिटारची एक जुनी केबल कापा, आतल्या तारेला १०४ कपॅसिटर जोडा आणि बाहेरची जाळी पेडलच्या ग्राउंडला लावा. केबलचं दुसरं टोक अ‍ॅम्पला, व्हॉल्यूम अगदी कमी. इनपुटला गिटारऐवजी मोबाइलवरचं तंबोऱ्याचं अ‍ॅप जोडा, म्हणजे दोन्ही हात मोकळे आणि सूर अखंड. आता कपॅसिटरचा मोकळा पाय सिग्नलच्या वाटेवर एकेक ठिकाणी टेकवत जा: इनपुट जॅक, पहिल्या कपॅसिटरची अलीकडची बाजू, पलीकडची, बेस, कलेक्टर. जिथे षड्ज-पंचम ऐकू येतो आणि पुढच्या टेकवणीला येत नाही, त्या दोन जागांच्या मधे दोष आहे. आपल्या बूस्टरमध्ये बेसवर सूर आहे आणि कलेक्टरवर नाही, तर ट्रान्झिस्टरचे पाय तपासा. कलेक्टरवर मोठा आहे आणि बाहेर नाही, तर पॉट किंवा फूटस्विच.

कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर, जुने कपॅसिटर, यांनी आवाज उबदार होतो का?

कार्बन कॉम्पोझिशनने खरखर नक्की वाढते, आणि जुन्या इलेक्ट्रोलिटिकची किंमत वर्षांनुवर्षांत सरकलेली असते. पैसे चांगल्या फूटस्विचवर आणि जॅकवर घाला, कारण स्टेजवर तेच आधी दगा देतात.

डिले बनवायचाय. लगेच घेऊ का?

डिले म्हणजे आवाजाचा प्रतिध्वनी देणारं पेडल. बूस्टर, डिस्टॉर्शन आणि एक ऑपॅम्पचं पेडल झालं असेल तर घ्या. पीटी२३९९ या एकाच आयसीत डिलेचं बरंचसं काम होतं. त्याला ५ व्होल्ट लागतात, म्हणून ७८एल०५ रेग्युलेटर लावा.

घरातला व्हॉल्व्ह अ‍ॅम्पही उघडून बघू का?

नको. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या नळ्या. पेडलमधले ९ व्होल्ट बोटाला कळतही नाहीत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये काहीशे व्होल्ट डीसी असतात, आणि प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ते साठून राहतात. ते काम जाणकार मेकॅनिककडे द्या.